तुतीच्या आडची टाकी

वारा सुटला की अख्ख्या गावाला वहिनीची आठवण यायची. एरवी रस्त्यात भेटल्यावर नुसती मान हलवणारी माणसंसुद्धा वारा सुटल्यावर गोड आवाजात फोन करायची. "वहिनी, जेवलात का? नाही, म्हणजे ते आपलं नेट गेलंय." तिच्या जेवणाची काळजी कुणाला किती आहे हे तिलाही ठाऊक होतं. पण "बघते हं, लगेच बघते," एवढंच म्हणून ती फोन ठेवायची आणि नवऱ्याला हाक मारायची.

नवऱ्याला गाव टॉवर म्हणायचं. एकतर तो ताडमाड उंच, आणि दुसरं म्हणजे कधीही बघा, कुठल्यातरी छपरावर चढलेला. गावात इंटरनेट आणलं ते त्यानंच. तेव्हा मोठ्या कंपन्यांनी गावाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. गावाच्या कडेच्या पाण्याच्या टाकीवर त्यानं मोठी डिश बसवली आणि तिथून घराघरांच्या छपरांवरच्या लहान डिशना बिनतारी जोडणी दिली. सगळ्या धंद्याचा नियम एकच. दोन डिशना एकमेकींची तोंडं दिसली पाहिजेत. मध्ये भिंत आली, फांदी आली, कुणी हौसेनं वरचा मजला चढवला, की पलीकडचं नेट मेलंच समजा.

ही तोंडं जुळवायला बाजारात यंत्रं मिळतात. ह्यांचं यंत्र म्हणजे कपाटाच्या दाराचा फुटलेला आरसा. हात कापू नये म्हणून वहिनीनं त्याच्या कडांना चिकटपट्टी लावली होती. ती गिऱ्हाइकाच्या छपरावर उभी राहून आरशात ऊन धरायची आणि टाकीकडे चमकवायची. टाकीवर नवऱ्याला तो कवडसा दिसला की तो त्या दिशेला डिश फिरवायचा, आणि मग फोनवर सुरू व्हायचं, "उजवीकडे. अजून. अहो, तुमच्या उजवीकडे नाही, माझ्या. हां, बस्स." लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांकडे सगळ्यांत जास्त बघितलं असेल तर ते असं, हाकेच्या पलीकडून आणि नजरेच्या टप्प्यातून.

यंदा मात्र वारा सुटला तरी फोन वाजेना.

कारण गावभर चर खणले होते. नगरपालिकेनं फायबर आणली होती. नारिंगी नळ्यांची भेंडोळी प्रत्येक कोपऱ्यावर पडलेली, आणि त्यातून बारीक काचेची तार घराघरांत चाललेली. वाऱ्याची भीती नाही, फांदीची भीती नाही, वर नगरपालिकेचं काम म्हणून दरही कमी. वहिनीला मनातल्या मनात कबूल होतं की वस्तू चांगली आहे. राग होता तो माणसांचा. सोडून जाणारा एकजण धड तोंडावर सांगेल तर शपथ. "आमचं काही नाही हो वहिनी, पोरं ऐकत नाहीत." "तुमचं कनेक्शन राहू द्या की, दोन्ही ठेवू." आणि पुढच्या आठवड्यात डिश खाली. गरज सरो, वैद्य मरो. शिंपिणीच्या अंगणात तर तिला आपलीच डिश उताणी पडलेली दिसली. कोंबड्या तिच्यात पाणी पीत होत्या.

"छान आहे की," वहिनी म्हणाली.

"हो ना, पसरट आहे, सांडत नाही," शिंपीण म्हणाली. तिला बिचारीला टोमणा कळलाच नाही.

घरी येऊन वहिनीनं हे सांगितलं तेव्हा सासूबाई खोखो हसल्या. "निदान कोंबड्यांना तरी कनेक्शन मिळालं!" टॉवर हसला नाही. तो गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मागच्या वर्षी ओल्या शिडीवरून त्याचा पाय सटकला होता. पडला नाही, पण एका हातावर लोंबकळला, आणि गुडघा लोखंडावर आपटला. तेव्हापासून चढायचं काम निघालं की तो आधी दोनदा आभाळाकडे बघायचा, मग ऊन फार आहे म्हणायचा, मग चहा मागायचा. वहिनीच हल्ली निम्म्या छपरांवर चढायची. गुडघा दुखतो म्हणून, असं ती धरून चालली होती.

गिरणीवाल्यानं बोलावणं पाठवलं ते ह्याच दिवसांत. गिरणीचं छप्पर गावात सगळ्यांत उंच. ओढ्यापलीकडच्या वाडीला टाकी दिसत नव्हती, म्हणून मधला टप्पा गिरणीवर होता. टाकीवरची डिश गिरणीच्या खांबाकडे बघायची आणि गिरणीचा खांब वाडीकडे. त्याबदल्यात गिरणीवाल्याला नेट फुकट. एका वादळात गिरणीचा पत्रा उडायला लागला तेव्हा टॉवर त्या पत्र्यावर पालथा पडून राहिला होता, दोर येईपर्यंत. तेव्हा गिरणीवाला सगळ्यांदेखत म्हणाला होता, हा खांब माझ्या छपरावर मी असेतो राहणार.

आता तो पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया पुसत म्हणाला, "बसा ना वहिनी. पंखा लावू का? नाही, ते छपराचं जरा काम काढायचंय."

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं वहिनीला आवडत नसत. "खांब काढायचा आहे का?"

"म्हणजे, तसं नाही. पण ह्या आठवड्यात निघाला तर बरं."

"छपरावर पालथं पडलेलं माणूस आठवतं का तुम्हाला?"

गिरणीवाल्याचा चेहरा विचित्र झाला. ओशाळला म्हणावा तर तसाही नाही.  "वहिनी, तुम्हाला घरी काही बोलला नाही का तो?"

"काय बोलायचंय? बोलायचं ते तुम्हीच बोललात," असं म्हणून ती उठली. पायऱ्या उतरताना पिठाचा ढग नाकात गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. निदान तिनं स्वतःला तरी तसंच सांगितलं.

पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. जेवणाची ताटं मांडता मांडता तिनं सगळा बेत ठरवून टाकला. गाव गेलं तर जाऊ दे. फायबर नगरपालिकेची, म्हणजे हद्दीपर्यंतच. ओढ्यापलीकडे वाडी, तिच्या वरच्या चढावरचे मळे, तिथे नगरपालिका यायची नाही. तिथल्या खोलगटात मोबाइलवर बोलणं कसंबसं व्हायचं, नेट मात्र चालत नसे. ती सगळी माणसं त्यांच्याच भरवशावर होती. तेवढ्यांवर घर चालेल. पोटापुरतं, पण चालेल, आणि धंदा आपला राहील.

"गिरणी गेली ना, मग मास्तरांची गच्ची धरू," ती म्हणाली. "वाडीत सगळ्यांत उंच तीच. तिथून टाकी सरळ दिसेल."

"दिसेल कशी? मध्ये तुती आहे," टॉवर म्हणाला.

"तुती तोडायची."

टॉवरनं घास हातात तसाच धरला. "मास्तर तुती तोडतील? बाई, सूर्य पश्चिमेला उगवेल एकवेळ. बायकोनं लावलेलं झाड आहे ते. तिच्यामागं तेच एक राहिलंय त्यांना."

"विचारायला काय जातंय?"

"विचार की," तो पटकन म्हणाला. "विचारून बघ. नाही म्हणाले तर मग विषयच मिटला. मग आपण तरी काय करणार?"

सासूबाईंनी मुलाकडे एकदा बघितलं, सुनेकडे एकदा बघितलं आणि पाण्याचा तांब्या उगाच ह्या हातातून त्या हातात घेतला. "मी म्हणते, म्हाताऱ्याच्या झाडाला कशाला हात लावायचा?"

"हात मी लावत नाही, आई. मी विचारणार आहे."

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि कान त्यांच्याआधीच निवृत्त झाले होते. साध्या फोनवर त्यांना काडीचं ऐकू येत नसे. पण ओठ वाचायचे. मुलगी परदेशात होती. रोज संध्याकाळी ती पडद्यावर यायची, दिवा तोंडावर घेऊन बसायची आणि सावकाश बोलायची. मास्तर चष्मा पुसून तिच्या ओठांकडे बघत राहायचे. वाडीचं नेट गेलं तर बाकीच्यांची गैरसोय व्हायची. मास्तरांची मुलगीच जायची. वहिनीला हे माहीत होतं, म्हणून वादळानंतर कुणाकडेही जायच्या आधी ती मास्तरांची डिश बघायची. मास्तरांशी बोलताना समोर, उजेडात उभं राहायचं आणि तोंडासमोर हात न्यायचा नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

ती गेली तेव्हा मास्तर तुतीखालीच खुर्ची टाकून बसले होते. जमिनीवर पिकलेल्या तुतींचे जांभळे डाग पडले होते, आणि त्यांच्या सदऱ्यावरही. वहिनीनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. गिरणी गेली, खांब निघाला की वाडीचं नेट बंद, आणि ते चालू ठेवायचं तर त्यांच्या गच्चीला टाकी दिसायला हवी.

"आणि हे आड येतंय," मास्तर म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. झाडावरची पाखरं उडाली.

"हो."

"फांद्या छाटून?"

"नाही होणार मास्तर. बुंधाच मध्ये येतोय. मी दोन्ही बाजूंनी बघितलं."

मास्तर झाडाकडे न बघता आपल्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिनं लावलं तेव्हा मी म्हटलं होतं, दारासमोर नको, उजेड अडेल. ऐकलं नाही तिनं." आणि सदऱ्यावरचा डाग चोळत, "नेट राहील? नक्की?"

"राहील."

"तू सांगतेस ना? गावातली सगळी सोडून चाललीत तुम्हाला. उद्या तुम्हीच बंद केलंत तर?"

वहिनी सरळ त्यांच्यासमोर आली. एकेक शब्द सुटा करून बोलली. "आम्ही आहोत तोवर तुमची मुलगी संध्याकाळी दिसणार. माझा शब्द."

मास्तरांनी तो शब्द तिच्या ओठांवरून उचलून घेतला. "विचार करतो," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

"विचार करतो म्हणाले," तिनं घरी सांगितलं.

टॉवरनं इतका मोठा श्वास सोडला की तिला तो गुडघ्याच्या कळेचाच वाटला. "म्हणजे नाहीच. म्हातारी माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत."

दुसऱ्या दिवशी टॉवर तिच्याआधी उठला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. टाकीवर डिशचे बोल्ट बघायला जातो म्हणाला. इस्त्रीचा शर्ट घालून बोल्ट बघायला कोण जातं, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण तिला आनंदच झाला. कितीतरी दिवसांनी हा माणूस आपणहून शिडीचं नाव घेत होता.

"मग मी मास्तरांकडे जाऊन येते," ती म्हणाली. "तुम्ही वर आहात तोवर गच्चीचा अंदाज तरी घेते."

"जा ना. आजच्या दिवस तिकडेच थांब वाटलं तर. घाई नाही," तो म्हणाला, आणि जाताना तिच्या पाठीवर हात ठेवून गेला. असं तो सहसा करत नसे.

ओढ्यावरचा चढ चढून तिनं स्कूटर वळवली आणि ब्रेक दाबला. मास्तरांचं घर तिला ओळखूच येईना. समोर नुसतं आभाळ होतं. अंगणात तुती आडवी पडली होती, कंपाउंडच्या भिंतीवरून तिचा शेंडा रस्त्यापर्यंत आला होता. लाकूडतोड्या करवत पुसून निघायच्या तयारीत होता. मास्तर फांद्या ओढून एका बाजूला लावत होते. त्यांच्या तळव्यांची सालं निघाली होती, आणि रक्त कुठलं नि तुतीचा रस कुठला ते कळत नव्हतं.

"पहाटेच बोलावलं त्याला," मास्तर ओरडून म्हणाले. "ऊन वर आलं असतं तर माझ्यानं झालं नसतं. सावली बघून विचार बदलला असता. जा, वर जा. बघ दिसते का."

 वहिनीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग आरसा घेऊन जिना चढली.

गच्चीवर वारा होता आणि उजेड होता. आणि शेताच्या पलीकडे, ओढ्यावरून, मध्ये एक पानही न येता, टाकी उभी होती. किती सरळ! तिला हसू आलं. अहो, सूर्य उगवला बघा पश्चिमेला, असं म्हणायचं ठरवून तिनं फोन लावला. त्यानं उचलला नाही. मग तिनं आरसा उन्हाला धरला.

टाकीवर दोन माणसं होती. एक नगरपालिकेचं नारिंगी जाकीट घातलेला. दुसऱ्याचा चेहरा दिसायची गरज नव्हती. डावा गुडघा जरासा वाकवून, सगळा भार उजव्या पायावर टाकून गावात एकच माणूस उभा राहायचा. तो कठड्याला रेलून दोर सोडत होता. दोराच्या टोकाला मोठी डिश होती. पांढरी, गोल डिश हळूहळू टाकीच्या पोटावरून खाली उतरत होती.

तिला आधी वाटलं, दुरुस्तीला काढली असेल. मग नारिंगी जाकीटवाल्यानं पिशवीतून दुसरं तसंच जाकीट काढलं आणि टॉवरच्या हातात दिलं. टॉवरनं दोर कठड्याला बांधला. उभा राहिला. इस्त्रीच्या शर्टावर ते जाकीट घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

वहिनीनं आरसा फिरवला. तिचा हात सरावाचा होता. कवडसा शेतावरून, ओढ्यावरून सरकत गेला आणि नेमका त्याच्या तोंडावर पडला. त्यानं दचकून कोपर डोळ्यांवर घेतलं. कोपर काढलं, पुन्हा घेतलं. मग तो तिथेच, हात तसाच डोळ्यांवर धरून, उभा राहिला.

तिचा फोन वाजला.

"कुठून चमकवतेस?" त्याचा आवाज अगदी बारीक आला.

"मास्तरांच्या गच्चीवरून."

"तिथून कसं दिसेल? तुती..."

"तोडली त्यांनी."

त्यानं डोळ्यांवरचा हात खाली घेतला. 

"तोडली?" तो म्हणाला. "ते नाही म्हणतील असं वाटलं होतं मला. देवाशपथ सांगतो, ते कधी तोडणार नाहीत असंच वाटलं होतं. नाही म्हणाले असते तर तुझं तूच सोडून दिलं असतंस. मग मला सांगायलाच लागलं नसतं."

"काय सांगायला?"

"मला पालिकेत घेतलंय. फायबरच्या देखभालीवर. अट होती, टाकी मोकळी करायची." तो भराभरा बोलायला लागला. "जमिनीवरचं काम आहे गं. माझ्यानं आता वर जमत नाही. गुडघा नाही, भीती. शिडीला हात लावला की पाय उचलत नाही. आज इथवर आलो तो डोळे मिटून आलोय. कसं सांगायचं होतं तुला? तू एवढी जिद्दीनं..."

"कधीपासून?"

टाकीवर तो कठडा धरून खाली बसला.

"गिरणीवाल्याला माहीत होतं?"

"खांब काढायला मीच सांगितलं त्याला."

"आईंना?"

उत्तराआधीच तिला सासूबाईंच्या हातातला तांब्या आठवला. म्हणजे घर, गिरणी, नगरपालिका, सगळ्यांना कळलं होतं. जी गावभर हातापाया पडत फिरत होती, तिलाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. भीती वाटते एवढं म्हणाला असता तर ती स्वतः चढली असती टाकीवर. नाहीतर दोघांनी मिळून सगळं मोडीत काढलं असतं, आणि तिनं एका शब्दानं विचारलं नसतं. पण ह्यानं दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली. आणि खांदा निवडला तोही मास्तरांच्या मेलेल्या बायकोचा.

"ऐकतेस ना?" तो म्हणाला. "घरी ये. घरी बोलू."

"तुमच्या पाठीमागं शिडी ओली आहे का बघा उतरताना," ती म्हणाली आणि फोन बंद केला. एवढं होऊनही तोंडातून हेच निघालं, ह्याचा तिला भयंकर संताप आला.

नारिंगी जाकीटवाल्यानं उरलेला दोर सोडला आणि डिश टाकीच्या पायथ्याशी टेकली. पुढच्या मिनिटाला फोन परत वाजायला लागला. वाडीतला दुकानदार. मग दूधवाली. वहिनी, जेवलात का, असंच म्हणणार. तिनं उचलला नाही. तो थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

मागं जिन्यावर पावलं वाजली. मास्तर एकेक पायरी धरत वर आले. तळव्यांना त्यांनी फडकं गुंडाळलं होतं. वर येताच ते थबकले. स्वतःच्या गच्चीवरून एवढं लांबवरचं त्यांना कितीतरी वर्षांत दिसलं नव्हतं.

"अरे वा! टाकी!" ते ओरडले. "केवढी स्वच्छ दिसतेय. जमलं मग? आज संध्याकाळी पोरीला अंगण दाखवीन म्हणतो. रडेल जरा. पण सांगीन, तुझ्यासाठीच तोडलं."

वहिनी त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. तशीच राहिली असती तर त्यांना काही कळलं नसतं. ती काय म्हणाली ते कळलं नसतं, रडली तर तेही कळलं नसतं. क्षणभर तिच्या मनात आलंही, की असंच पाठीमागून काहीतरी पुटपुटावं आणि जिना उतरून जावं. घरी एकजण असंच करत आला होता.

ती वळली. उन्हाकडे तोंड करून, त्यांच्यासमोर, नेहमीच्या जागी उभी राहिली. तोंडावर आलेले केस मागं सारले.

"मास्तर, नेट बंद झालं. टाकीवरची डिश काढली. माझ्याच नवऱ्यानं काढली. मला आत्ता कळलं. संध्याकाळी मुलगी दिसणार नाही."

मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांनी तिला एकही वाक्य दुसऱ्यांदा बोलायला लावलं नव्हतं. आता त्यांनी चष्मा काढला, फडक्यानं पुसला, काचेवर लाल-जांभळा डाग पडला तसाच पुन्हा घातला.

"परत म्हण," ते म्हणाले.

तिनं परत म्हटलं. पहिल्यापासून, सावकाश, एकही शब्द न गाळता. तिच्या हातात फोन वाजत होता, आणि मास्तरांना तो ऐकू येत नव्हता.